वाढ थांबवणारी औषधं आणि तळपायावरचा काळा डाग

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत आम्ही उभयतांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



काल याच मांडवात नाट्यसंगीत झालं, उद्या मुलांची वेशभूषा स्पर्धा आहे, आणि मधला आजचा दिवस कर्करोगाला दिला आहे. हे धाडस कार्यकारिणीचं. आम्ही फक्त हो म्हटलं.

आम्हा दोघांपैकी एकानं बडोद्यात तीसेक वर्षं त्वचारोगांचा दवाखाना चालवला, दुसरीनं तेवढीच वर्षं विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवलं. त्यामुळे घरात जेवताना बोलणं कुठल्या तरी पुरळावर नाहीतर गोळीवर येऊन थांबतं. गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न आम्हाला दोन्ही बाजूंनी भेटत आला. रुग्णाचे नातेवाईक अहवालांची फाईल घेऊन येतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, तीन महिने महागाची गोळी चालू आहे. स्कॅनमध्ये गाठ तेवढीच दिसते. वाढली नाही, पण कमीही झाली नाही. मग औषध लागू पडलं म्हणायचं की नाही?" विचारणाऱ्याच्या मागे कधी मोडलेली मुदत ठेव असते, कधी गावाकडची विकायला काढलेली जमीन. हो किंवा नाही एवढ्यात हे उत्तर संपत नाही. ते नीट द्यायचं तर पेशी वाढते कशी, थांबते कशी आणि थांबवणारी औषधं नेमकं काय करतात, हे सांगावं लागतं. दवाखान्यात तेवढी सवड नसते. आज आहे.

आम्ही बोलणार आहोत त्वचेच्या कर्करोगाबद्दल. त्याचे मुख्य प्रकार तीन. त्यातले दोन, बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल, बहुतेक वेळा वेळीच कापून काढले की संपतात. यातल्या स्क्वॅमस सेल प्रकाराशी आपल्या लोकांचा एक जुना संबंध आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये 'धोतराच्या कर्करोगा'चं वर्णन केलं. कमरेला वर्षानुवर्षं करकचून बांधलेल्या धोतराच्या काठाखाली कातडी घासली जाते, काळवंडते, आणि काही जणांत तिथेच कर्करोग होतो. पुढे साडीच्या, म्हणजे परकराच्या नाडीखालीही तो दिसला. कमरेच्या पट्ट्यावर कायमचा खरबरीत डाग किंवा न भरणारी जखम असेल तर दाखवून घ्या, एवढं सांगून आम्ही तिसऱ्या प्रकाराकडे वळतो.

तिसरा म्हणजे मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. संख्येनं कमी, पण पसरण्यात सगळ्यांत वाईट. गोऱ्या लोकांत तो उन्हामुळे पाठीवर, पायांवर, चेहऱ्यावर होतो. आपल्या सावळ्या कातडीला मेलॅनिनचं संरक्षण आहे, म्हणून आपल्याकडे तो विरळाच. पण होतो तेव्हा बऱ्याचदा अशा जागी होतो जिथे ऊन पोचत नाही: तळपायावर, तळहातावर, नखाखाली. त्याला अ‍ॅक्रल मेलॅनोमा म्हणतात. उन्हाशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे सनस्क्रीन लावून तो टळत नाही. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले ३६ व्या वर्षी, १९८१ मध्ये याच रोगानं गेला. सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होती. फुटबॉल खेळताना लागलं असेल, अशी समजूत होती.

आपल्याकडे फुटबॉलची जागा कुरूप घेतं. तळपायाला काळं, टणक काहीतरी लागतं; घरचे म्हणतात कुरूप आहे, इथल्या गुजराती शेजारणी म्हणतात कपासी आहे. मग औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टी, मग ब्लेड, मग कुणीतरी सुचवलेला चीक. असे सहा-आठ महिने जातात. कुरूप काळं कुळकुळीत नसतं, आणि त्यातून आपोआप रक्त येत नाही. हे आम्ही शेवटी पुन्हा सांगणार आहोत. आधी पेशीकडे जाऊ.

एका पेशीच्या दोन पेशी होणं हे गणपतीच्या मिरवणुकीसारखं टप्प्याटप्प्यानं चालतं. आधी तयारी: पेशी आकारानं वाढते, सामान जमवते. मग तिच्यातल्या सुमारे दोन मीटर लांबीच्या डीएनएची संपूर्ण नक्कल होते. मग ती नक्कल तपासली जाते. आणि शेवटी दोन वाटे होऊन दोन पेशी वेगळ्या होतात. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी एक चौक आहे. पुढचा रस्ता मोकळा असल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. यातला पहिला चौक सगळ्यांत महत्त्वाचा. उत्तरपूजा करून मूर्ती जागची हलवली की पुन्हा बसवता येत नाही, विसर्जनाला न्यावीच लागते, हे आपण सगळे जाणतो. पेशीचंही तसंच आहे. पहिला चौक ओलांडेपर्यंत ती मागे फिरू शकते, स्वस्थ बसू शकते. एकदा ओलांडला की विभाजन पुरं करणं तिला भाग असतं. आज ज्या औषधांबद्दल बोलायचं ती याच चौकात उभी आहेत.

हे सगळं माणसाच्या पेशीत पाहून कळलेलं नाही, याची आम्हाला नेहमी गंमत वाटते. लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टवर काम केलं. टिम हंट यांनी १९८२ च्या सुमारास सागरी अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन पाहिलं, जे प्रत्येक विभाजनाआधी साठत जातं आणि विभाजन होताच नाहीसं होतं. त्याला नाव पडलं सायक्लिन. आणि पॉल नर्स यांनी आफ्रिकेतल्या बाजरीच्या बियरमध्ये सापडलेल्या दुसऱ्या एका यीस्टमध्ये विभाजन सुरू करणारं जनुक शोधलं. १९८७ मध्ये नर्स आणि मेलनी ली यांनी एक अफलातून प्रयोग केला. ते जनुक बिघडल्यामुळे अडून बसलेल्या यीस्टमध्ये त्यांनी माणसाच्या जनुकांचे तुकडे घातले. त्यातला एक तुकडा पोचला तसं यीस्ट पुन्हा विभागू लागलं. यीस्ट आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटी वर्षं झाली असतील, तरी माणसाचा सुटा भाग यीस्टच्या यंत्रात चपखल बसला. या तिघांना २००१ चं नोबेल मिळालं. भाकरीचं पीठ आंबवणाऱ्या जिवावर पैसा कशाला खर्च करता, असं विचारणारे सगळीकडे असतात. त्यांना ही गोष्ट सांगावी.

आता पहिल्या चौकात काय होतं ते पाहू. तिथे आरबी नावाचं प्रथिन चौकीदार म्हणून बसलेलं आहे. लहान मुलांच्या डोळ्यांतल्या एका कर्करोगावरून त्याला हे नाव मिळालं. डीएनएची नक्कल सुरू करणाऱ्या किल्ल्या त्यानं मुठीत धरल्या आहेत. सीडीके-४ आणि सीडीके-६ नावाची दोन विकरं, म्हणजे एन्झाइम, सायक्लिन-डीच्या सोबतीनं येतात आणि चौकीदारावर फॉस्फेटचे शिक्के मारत जातात. पुरेसे शिक्के बसले की त्याची मूठ सुटते आणि गाडी पुढे जाते. या विकरांना आवरायला पेशीकडे पी-१६ नावाचं छोटं प्रथिन असतं. ते सीडीकेला जाऊन चिकटतं आणि शिक्का मारूच देत नाही. सायक्लिन-डी पुढे ढकलतं, पी-१६ मागे ओढतं, आणि निर्णय आरबीच्या मुठीत. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

हे सगळं तुम्ही रोज आरशात पाहता. गालावरचा तीळ आपण भाग्याचा मानतो. त्या तिळातल्या पेशी साध्या नसतात. बहुतेक तिळांमध्ये बीआरएएफ नावाच्या जनुकात एका जागी बिघाड असतो, आणि हाच बिघाड गोऱ्या लोकांतल्या जवळपास निम्म्या मेलॅनोमांत सापडतो. या बिघाडामुळे पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम अखंड मिळत राहतो. म्हणून तर तिथे पेशींचा पुंजका जमतो. मग तीळ वाढत वाढत गालभर का होत नाही? कारण हुकमाचा अतिरेक झालेला पाहून पेशी पी-१६ बाहेर काढते आणि पहिल्या चौकात कायमची बसकण मारते. २००५ मध्ये हे तिळांत प्रत्यक्ष दाखवून देण्यात आलं. म्हणजे तीळ म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं ब्रेक लावून ठेवलेली गाडी. इंजिन चालूच आहे. आम्हाला शरीराच्या कारभारातली ही सर्वांत थोर गोष्टींपैकी एक वाटते, आणि तिच्याकडे बघून कुणी कौतुकाचा एक शब्द बोलत नाही.

मेलॅनोमा होतो तेव्हा बऱ्याचदा हाच ब्रेक गेलेला असतो. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना मेलॅनोमाच्या पेशींत नवव्या गुणसूत्रावरचा पी-१६ चा भागच गळून पडलेला सापडला. ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मेलॅनोमा होतो, त्यांतल्या काहींत पी-१६ जन्मतःच अधू असतं, हेही त्याच वर्षी कळलं. पुढच्या वर्षी याहून बारीक गोष्ट हाती आली: एका रुग्णाच्या गाठीत पी-१६ शाबूत होतं, पण सीडीके-४ च्या साखळीतली २४ वी कडी बदलली होती. बदल एवढासाच, पण पी-१६ ला तिथे पकडच मिळेना. कुलूप ठीक होतं, कडीच वाकडी झाली होती.

आता औषधांकडे येऊ. पेशीचं विभाजन रोखणारी औषधं नवी नाहीत. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून विनक्रिस्टिन निघतं, रक्ताच्या कर्करोगात ते १९६० च्या दशकापासून वापरतात. (सदाफुलीची पानं चावून खाऊ नका, हे इथे सांगावंच लागतं. दरवर्षी कुणीतरी विचारतंच.) पण ही जुनी औषधं विभागणारी पेशी दिसली की तिला अडवतात, मग ती गाठीतली असो की केसांच्या मुळातली. म्हणून केस जातात, तोंड येतं. मेलॅनोमावर तर तीही फारशी चालत नव्हती. १९७५ साली मान्यता मिळालेलं डकार्बाझिन हेच पस्तीसेक वर्षं मुख्य औषध राहिलं, आणि शरीरभर पसरलेल्या मेलॅनोमाचा रुग्ण बहुधा वर्षाच्या आत जायचा.

२००२ मध्ये बीआरएएफचा बिघाड सापडला आणि नऊ वर्षांत, २०११ मध्ये, नेमका त्यावर बसणारा व्हेमुराफेनिब बाजारात आला. हा हुकूम देणाऱ्याचंच तोंड बंद करतो. हुकूम थांबला की सायक्लिन-डी आटतं आणि पेशी पहिल्या चौकात अडकते. सुरुवातीला गाठी विरघळल्यासारख्या गेल्या. आणि सरासरी सहा-सात महिन्यांत परतल्या, कारण पेशींनी हुकूम पोचवायला आडवाटा काढली. मग त्या वाटेवरचं दुसरं औषध जोडून दिलं जाऊ लागलं. डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या जोडगोळीनं उपचार घेतलेल्यांपैकी ३४ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. पूर्वीच्या तुलनेत हा आकडा फार मोठा आहे. पण ज्यांच्यात रोग मधल्या काळात मुळीच पुढे सरकला नाही असे फक्त १९ टक्के. हेही सांगितलं पाहिजे. शिवाय बीआरएएफचा बिघाड गाठीत असेल तरच ही औषधं चालतात, आणि आपल्या तळपायावरच्या मेलॅनोमात त्याचं प्रमाण बरंच कमी असतं.

मग थेट सीडीकेवरच औषध का देऊ नये? या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला अध्याय मुंबईत मुलुंडला लिहिला गेला आहे, आणि तो आपल्या लोकांना जवळजवळ ठाऊक नाही. मुलुंडला होएक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. आपल्या झाडपाल्यातून नवी औषधं शोधायचं तिथलं काम. पश्चिम घाटातल्या सदाहरित रानात, कडुलिंबाच्या कुळातलं डायसॉक्सिलम नावाचं उंच झाड वाढतं. त्यातून डॉ. नाईक, कट्टिगे, भट, डिसोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहितुकिन नावाचं द्रव्य वेगळं केलं, त्याची रचना ठरवली आणि ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. हा निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ते शोधत होते सूज उतरवणारं औषध. त्याच रेणूत थोडा बदल करून जे तयार झालं ते फ्लॅव्होपिरिडॉल. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत लक्षात आलं की हे सीडीकेला अडवतं, आणि पेशी जागच्या जागी थांबतात. सीडीकेला अडवणारं जगातलं पहिलं औषध जे माणसांवरच्या चाचणीपर्यंत गेलं, ते हे. सह्याद्रीतलं झाड, मुलुंडची प्रयोगशाळा.

मेलॅनोमाच्या रुग्णांवर कॅनडात त्याची चाचणी झाली, २००४ मध्ये निष्कर्ष आले. एकाही रुग्णाची गाठ मोजण्याजोगी लहान झाली नाही. काहींची वाढ तेवढी काही काळ थांबली होती. मुंबईतच पुढे पिरामलच्या संशोधकांनी त्याच घराण्यातलं, पी-२७६ नावाचं दुसरं औषध तयार केलं. सायक्लिन-डी वाढलेल्या मेलॅनोमावर त्याचीही चाचणी हाती घेतली गेली. तेही औषध म्हणून बाजारात आलं नाही. अडचण अशी होती की ही औषधं एका सीडीकेवर थांबत नव्हती. शरीरात सीडीकेचं मोठं कुटुंब आहे. त्यातली काही तर विभाजनाशी संबंधच नसलेली, रोजची घरकामं करणारी. सगळ्यांनाच हात लागला तर माणसाला सोसत नाही, आणि सोसेल एवढाच डोस दिला तर गाठीला पुरत नाही. म्हणून हे काम वाया गेलं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. सीडीकेला औषधानं अडवता येतं, हे त्यातूनच सिद्ध झालं.

नेमकं सीडीके-४ आणि ६ यांनाच अडवणारं, म्हणजे हरवलेल्या पी-१६ ची जागा घेणारं पहिलं औषध पाल्बोसिक्लिब. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. मागोमाग रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब आली. स्तनाच्या एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगात, हार्मोनच्या गोळीच्या जोडीनं, त्यांनी बायकांना अनेक चांगले महिने, कित्येकींना वर्षं दिली आहेत. आपल्या या सभागृहातही कुणाच्या घरी ही नावं ओळखीची असतील.

तीच गोळी मेलॅनोमात का नाही, असं लगेच मनात येतं. कागदावर तर ती जणू त्याच्यासाठीच बनली आहे. पेइचिंगच्या कर्करोग रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ५१४ अ‍ॅक्रल मेलॅनोमा तपासले, त्यातल्या ८२.७ टक्क्यांत या चौकातला कुठला ना कुठला भाग बिघडलेला होता. हा आकडा आपल्याला महत्त्वाचा, कारण तो आपल्यासारख्याच, तळपायाच्या रोगाचा आहे. मग त्यांनी असे बिघाड असलेल्या १५ रुग्णांना एकटं पाल्बोसिक्लिब दिलं. आठ आठवड्यांनी तिघांच्या गाठी थोड्या आकसल्या, त्यातल्या एकाची चांगलीच. पण सगळ्यांचा मिळून पाहिलं तर रोग पुढे सरकायला मधला काळ जेमतेम सव्वादोन महिने मिळाला.

एवढ्या नेमक्या औषधाचं असं का व्हावं? एक तर पेशी पहिल्या चौकात थांबते, मरत नाही. थांबलेली पेशी वाट बघत बसते. दुसरं, तिला पर्याय सापडतो. सायक्लिन-ई आणि सीडीके-२ ही दुसरी जोडी तेच शिक्के मारायला पुढे सरसावते. आणि एखाद्या पेशीत चौकीदार आरबीच नाहीसा झाला तर मग काय! चौकीच उरली नाही, तिथे शिक्का मारणाऱ्याचा हात धरून काय उपयोग? म्हणून आता या गोळ्या एकट्या न देता जोडीनं द्यायचे प्रयत्न चालले आहेत: हुकूम अडवणारं एक आणि चौक अडवणारं एक, किंवा रोगप्रतिकारशक्ती जागवणाऱ्या इंजेक्शनांच्या सोबत. उंदरांमध्ये असं दिसलं आहे की वाढ थांबलेल्या गाठीवर शरीराचे सैनिक अधिक जोमानं तुटून पडतात. माणसात किती उतरेल ते चाचण्या ठरवतील. तोवर मेलॅनोमासाठी या गोळ्यांना मान्यता नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आता मिळतात, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून त्या परस्पर घेऊ नका. पांढऱ्या पेशी उतरतात, आणि गाठीत आरबी आहे की नाही हेच माहीत नसेल तर तो सगळा खर्च अंधारात होतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. गाठ तेवढीच आहे, मग औषध लागू पडलं का?

थोडा हिशोब करू. समजा एक सेंटीमीटरची गाठ दर दोन महिन्यांनी आकारमानानं दुप्पट होते. वर्षात सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट. व्यासात सांगायचं तर चार सेंटीमीटर. औषधानं दुप्पट व्हायचा काळ फक्त दोनाचे चार महिने केला, तर वर्षात तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठ पट. व्यास दोन सेंटीमीटर. वाढ चालूच आहे, पण चार सेंटीमीटरची गाठ आणि दोन सेंटीमीटरची गाठ यात कधी कधी श्वास लागणं आणि न लागणं एवढा फरक असतो. स्कॅनच्या अहवालात डॉक्टर 'स्टेबल' लिहितात त्याचाही अर्थ ठरलेला आहे. गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्क्यांनी उतरली तर 'प्रतिसाद', २० टक्क्यांनी चढली तर 'रोग वाढला', मधलं सगळं 'स्टेबल'. पेशी मारणाऱ्या औषधाकडून आपण गाठ लहान होण्याची अपेक्षा करतो. चौकात थांबवणाऱ्या औषधाचं काम गाठ तेवढीच ठेवणं हेच आहे. तेव्हा उत्तर असं: तेवढीच राहिली असेल तर औषध आपलं काम करत आहे. ते काम किती दिवस चालेल, हे पुढच्या स्कॅनवर कळेल. आणि त्यानं रोग गेला असं नाही.

हे दोन्ही एकदम ऐकवणं कठीण जातं. काही घरांत 'कमी नाही झाली' म्हणून गोळी स्वतःहून बंद करतात आणि थांबलेल्या पेशी पुन्हा चालू लागतात. काही घरांत 'वाढली नाही' म्हणजे बरं झालं समजून पुढचा स्कॅनच टाळतात. पाल्बोसिक्लिब २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबायचं असतं. तो आठवडा शरीरासाठी आहे. अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही थांबलेल्या असतात, त्या त्या आठवड्यात पुन्हा कामाला लागतात. तो नेम आपल्या मनानं वाढवायचा नाही, कमी करायचा नाही. जमीन विकायची की नाही, हे आम्ही कुणाला सांगत नाही. पण विकण्याआधी कर्करोगतज्ज्ञाला तीन गोष्टी विचारा: गाठीची जनुकीय तपासणी झाली का, तिच्यात या औषधाचं लक्ष्य सापडलं का, आणि आमच्यासारख्या रुग्णाला यानं सरासरी किती महिने मिळतात? चांगला डॉक्टर रागावणार नाही.

आणि आता तळपाय. मेलॅनोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरहून पातळ असताना नीट कापून काढला तर शंभरातले पंच्याण्णवांहून जास्त रुग्ण पाच वर्षांनी या रोगापासून सुरक्षित असतात. आम्ही तासभर ज्या औषधांचं वर्णन केलं त्यातलं एकही या आकड्याच्या जवळ जात नाही.

वयस्कांना स्वतःचे तळवे दिसत नाहीत, वाकवत नाही. तेव्हा ते काम सुना-मुलांचं, नातवंडांचं. रात्री काशाच्या वाटीनं पाय घासून देत असाल तर दिवा लावून घासा. एका रंगाचा नसलेला काळा-तपकिरी डाग, कडा वेड्यावाकड्या, सहा मिलिमीटरहून मोठा, वाढत चाललेला, मधूनच रक्त येणारा, न भरणारा, असं काही दिसलं तर कुरूप म्हणून कापू नका. नखांवर तपकिरी उभ्या रेघा आपल्या लोकांत पुष्कळांना असतात. सगळ्या बोटांवर बारीक रेघा असतील तर घाबरायचं कारण नाही. एकाच नखावर, उतारवयात नव्यानं आलेली, रुंदावत जाणारी आणि नखाबाहेर कातडीवर पसरलेली रेघ मात्र लगेच दाखवा. त्वचारोगतज्ज्ञ भिंगातून बघतात. तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात. रंग खोबणीत असेल तर बहुधा साधा तीळ, उंचवट्यांवर असेल तर संशय. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही.

शेवटी प्रश्नोत्तरं झाली, त्यातली दोन इथे देतो.

एका काकूंनी विचारलं, सुरी लावली की कर्करोग पसरतो म्हणतात, मग तुकडा काढून तपासायचा कसा? आम्ही सांगितलं: तुकडा तपासल्यानं मेलॅनोमा पसरतो, याला आधार नाही. शक्य असेल तिथे डाग पूर्णच काढतात आणि तपासायला पाठवतात. तुकडा न काढता गेलेल्या महिन्यांत मात्र तो नक्की पसरतो.

दुसरा प्रश्न बारावीतल्या एका मुलीचा. आजीच्या टाचेवर लहानपणापासून काळा तीळ आहे, तो काढून टाकावा का? लहानपणापासून तसाच असेल तर बहुधा तो ब्रेक लावून बसलेला आहे, त्याला बसू दे, असं आम्ही म्हटलं. एकदा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून घे. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून मोबाईलवर फोटो काढ, तारीख घाल, आणि दर तीन महिन्यांनी तसाच काढत जा. आजी नको म्हणेल. पाय चेपून देते म्हण, मग देईल.